तीन अंश चुकले की दहा टक्के गेले: मोतीबिंदूच्या टोरिक लेन्सचा आढावा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी लेन्सची यादी समोर येते तेव्हा तिच्यात ‘टोरिक’ (सिलिंडर नंबरही घालवणारी) अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे साध्या लेन्सपेक्षा मोठी रक्कम. निकाल आधीच सांगून टाकतो. कॉर्नियात खरोखर दीड-दोन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे नंबराचं एकक) नियमित सिलिंडर असेल तर टोरिक लेन्स पैसे वसूल करते. जादा पैसे मागणाऱ्या इतर पर्यायांत एवढा सरळ, लगेच जाणवणारा फायदा क्वचितच मिळतो. पाऊण डायॉप्टरच्या खाली, त्यातही कॉर्नियाचा जास्त बाक उभ्या दिशेला असेल तर, ती बहुतेकांसाठी निव्वळ हौस आहे. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात कंपनी कुठली घ्यायची यावर जेवढा खल होतो, त्याच्या निम्मा जरी मोजमापावर झाला तरी निकाल सुधारतील. लेन्स चांगल्याच आहेत. गफलत होते ती लेन्स डोळ्यात जाण्याआधी आणि गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत.

सिलिंडर नक्की कुठे आहे?

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. ती चेंडूसारखी गोल नसून चमच्याच्या पाठीसारखी असली, एका दिशेला जास्त बाक आणि तिच्या काटकोनात कमी, की अक्षराची उभी रेघ एका जागी फोकस होते आणि आडवी दुसऱ्या. हाच सिलिंडर नंबर. पण डोळ्यातला सगळा सिलिंडर कॉर्नियात नसतो. थोडा कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावर असतो आणि थोडा नैसर्गिक लेन्समध्ये, म्हणजे जिचा मोतीबिंदू झाला तिच्यातच. ऑपरेशनमध्ये ती लेन्स निघून जाते आणि तिच्या वाट्याचा सिलिंडरही तिच्याबरोबर जातो.

म्हणून चष्म्याच्या चिठ्ठीवरून टोरिक ठरवणं ही पहिली चूक. चिठ्ठीत दोनचा सिलिंडर आणि कॉर्नियात जेमतेम अर्धा, असे डोळे असतात. तिथे साधी लेन्स पुरते. उलटही होतं आणि ते जास्त फसवं असतं. चष्म्यात सिलिंडर शून्य, कारण कॉर्नियाचा सव्वा डायॉप्टर नैसर्गिक लेन्सने उलट दिशेने झाकून ठेवलेला. लेन्स काढली की तो उघडा पडतो आणि ‘मला आयुष्यात कधी सिलिंडर नव्हता, ऑपरेशननंतरच आला’ अशी तक्रार सुरू होते. तक्रार खरी असते, पण दोष ऑपरेशनचा नसतो.

थॉमस यंगने १८०१ साली स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मांडला तेव्हा त्याने एक हुशारी केली होती. डोळा पाण्यात बुडवून त्याने कॉर्नियाची ताकद जवळजवळ बाद केली आणि तरीही दोष कायम राहिला, म्हणजे तो आतल्या लेन्समध्ये होता. आजच्या भाषेत सांगायचं तर यंगला टोरिक लेन्स लागलीच नसती. दोन शतकांपूर्वी पाण्याच्या साहाय्याने जे तपासलं गेलं, ते आज छापील रिपोर्टवर एका नजरेत दिसतं. तरी ते न पाहता ऑर्डर जाते.

मोजमाप: इथेच बाजी लागते

किमान दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या यंत्रांवर कॉर्निया मोजलेला असावा. एक ऑप्टिकल बायोमीटर, प्रकाशाने डोळ्याची मापं घेणारं, म्हणजे आयओएलमास्टर किंवा लेनस्टारच्या जातीचं, आणि दुसरं कॉर्नियाच्या बाकाचा नकाशा काढणारं, टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी, म्हणजे पेंटाकॅम, गॅलिली वगैरे. बायोमीटर आकडा देतो. नकाशा सांगतो की त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का. मधोमध सुबक, दोन्ही बाजूंना सारखा डमरू दिसला तर सिलिंडर नियमित. डमरूचा एक कान मोठा, कंबर वाकलेली किंवा खालचा भाग फुगलेला दिसला तर थांबायचं. असा वेडावाकडा बाक टोरिक लेन्सने सुधारत नाही, कारण लेन्सला फक्त काटकोनातल्या दोन दिशाच कळतात.

दोन यंत्रांच्या आकड्यांत सिलिंडरचा फरक अर्ध्या डायॉप्टरच्या आत आणि अक्षाचा, म्हणजे त्याच्या दिशेचा, १० अंशांच्या आत असायला हवा. नसला तर सरासरी काढून पुढे जाणं म्हणजे दोन चुकीच्या घड्याळांची वेळ मधोमध धरण्यासारखं. कारण शोधायचं, आणि बहुतेक वेळा ते कारण कोरडा डोळा असतं. अश्रूंचा थर फाटका असला की यंत्राला कॉर्नियाऐवजी त्याच्यावरचे खड्डे दिसतात. त्याच डोळ्याची सकाळ-संध्याकाळची मापं मग एक डायॉप्टरने आणि २० अंशांनी हलतात. आधी दोन-चार आठवडे ड्रॉप्स, पापण्यांना शेक, मग पुन्हा माप. ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं म्हणून मोतीबिंदू कुठे पळून जात नाही.

काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन-चार आठवडे आधी बंद करायला हवी. कडक लेन्सने कॉर्नियाला दिलेला आकार सुटायला वेळ लागतो. एका आठवड्याच्या अंतराने घेतलेली दोन मापं जुळेपर्यंत लेन्स मागवू नये. आणखी एक बारीक गोष्ट: कॉर्नियाचं माप सगळ्यात आधी घ्यायचं. बधिर करणारे थेंब घालून, डोळ्याचं प्रेशर टेकवून तपासून, बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून मग बायोमेट्रीला पाठवलं, तर पृष्ठभाग आधीच बिघडलेला असतो. गर्दीच्या दिवशी हा क्रम हटकून उलटतो.

मागचा पृष्ठभाग, ज्याने जुनी गणितं खोटी ठरवली

बरीच वर्षं फक्त कॉर्नियाचा पुढचा बाक मोजून हिशेब केला जाई. मागचा पृष्ठभाग पाव-अर्ध्या डायॉप्टरचा, कोण त्याची पर्वा करतो, असा समज. २०१२ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ डग्लस कॉख आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की हा मागचा सिलिंडर सरासरी ०.३ डायॉप्टरचा असतो आणि बहुसंख्य डोळ्यांत त्याची दिशा एकच असते. मागचा पृष्ठभाग उभा जास्त वाकलेला, आणि तो उणे ताकदीचा. परिणाम असा की पुढचा बाक उभा असेल, म्हणजे जास्त बाकाची रेषा ९० अंशांच्या आसपास असेल, तर मागचा त्यातून वजा होतो. आडवा असेल, १८० च्या आसपास, तर त्यात भर पडते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. पुढच्या पृष्ठभागावर एक डायॉप्टर उभा बाक आणि एक डायॉप्टर आडवा बाक हे एकाच मापाचे दोन डोळे नव्हेत. पहिल्यात खरा सिलिंडर अर्ध्या-पाऊण डायॉप्टरवर उतरतो, दुसऱ्यात सव्वाच्या पुढे जातो. कॉखच्या गटाने बनवलेल्या बेलर तक्त्यात उभ्या बाकाला टोरिक लेन्स साधारण १.७ डायॉप्टरपासून सुरू होते आणि आडव्याला ०.४ पासून. हा तक्ता सावध बाजूला झुकलेला आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. त्यात वयाचाही विचार आहे. वाढत्या वयात कॉर्निया हळूहळू आडव्या बाकाकडे सरकतो, दर दहा वर्षांना अंदाजे ०.३ ते ०.४ डायॉप्टर. त्यामुळे आज किंचित उभा बाक शिल्लक ठेवला तर पुढे तो आपोआप पुसला जातो. आज आडवा शिल्लक ठेवला तर तो वाढत जातो.

एक उदाहरण घेऊ. रिपोर्टवर ४३.०० डायॉप्टर ताकदीची रेषा १७८ अंशांवर आणि ४५.०० ची ८८ अंशांवर. फरक दोन डायॉप्टर, बाक उभा. जुन्या पद्धतीने दोन डायॉप्टरला दोनचीच लेन्स, म्हणजे टी-५ निघते (टी-नंबर म्हणजे अल्कॉन कंपनीच्या लेन्समधली सिलिंडरची पायरी). तिची ताकद लेन्सवर ३.०० आणि कॉर्नियाच्या पातळीवर २.०६. मागचा पृष्ठभाग धरला की खरा सिलिंडर दीडच्या आसपास येतो आणि लेन्स टी-४ होते, लेन्सवर २.२५, कॉर्नियाच्या पातळीवर १.५५. टी-५ बसवली असती तर अर्धा डायॉप्टर उलट्या दिशेला उरला असता, आणि तो वयाबरोबर वाढणारा.

आज बॅरेट टोरिक कॅल्क्युलेटर, अबुलाफिया-कॉख सूत्र किंवा केनचं सूत्र वापरणाऱ्या ठिकाणी ही चूक टळते. जुनी कॅल्क्युलेटर्स लेन्सवरच्या आणि कॉर्नियावरच्या ताकदीचं १.४६ हे एकच गुणोत्तर सगळ्या डोळ्यांना लावत; फार लांब किंवा फार आखूड डोळ्यांत ते लागू पडत नाही. तुमचा हिशेब कुठल्या सूत्राने झाला हे विचारायला लाजू नका. उत्तर ‘कंपनीच्या सॉफ्टवेअरने’ असं आलं तर पुढचा प्रश्न: त्यात मागचा पृष्ठभाग धरला आहे का? बऱ्याच कंपन्यांनी आता तो धरायला सुरुवात केली आहे, तेव्हा उत्तर होकारार्थी असूही शकतं.

छेदाचाही थोडा वाटा असतो. कानाच्या बाजूने दिलेला २.२ ते २.४ मिलिमीटरचा छेद कॉर्नियाला त्या दिशेने थोडा सपाट करतो, सरासरी ०.१ डायॉप्टरच्या घरात. काही ठिकाणी अजून सवयीने अर्धा डायॉप्टर भरला जातो. तीन मिलिमीटरच्या छेदाच्या काळातला तो आकडा आहे.

लेन्सची घराणी

सुरुवातीची टोरिक लेन्स १९९० च्या दशकात जपानमध्ये शिमिझू यांच्या गटाने वापरली. अमेरिकेत १९९८ मध्ये स्टार कंपनीच्या सिलिकॉनच्या पाटीसारख्या लेन्सला मान्यता मिळाली. ती डोळ्यात बरीच फिरायची. २००५ मध्ये मान्यता मिळालेल्या अल्कॉनच्या ॲक्रिसॉफ टोरिकने चित्र बदललं. तिचं हायड्रोफोबिक (पाणी न शोषणारं) ॲक्रिलिक मटेरियल किंचित चिकट असतं आणि पिशवीला, म्हणजे नैसर्गिक लेन्सच्या डोळ्यात ठेवलेल्या पातळ आवरणाला, धरून बसतं, त्यामुळे फिरणं कमी. तिचा जुना दोष म्हणजे काही वर्षांनी मटेरियलमध्ये दिसणारे पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे. तपासणीत ते चमकतात, बहुतेकांच्या नजरेत फरक पडत नाही, पण बघणाऱ्याला खटकतात. क्लॅरिऑन या नव्या मटेरियलने तो प्रश्न जवळपास मिटवला. क्लॅरिऑन उपलब्ध असताना जुनी घेण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

जॉन्सन अँड जॉन्सनची टेक्निस टोरिक २०१३ ची. प्रकाशाचे रंग कमी फाकवणारं मटेरियल ही तिची खरी बाजू. काँट्रास्ट छान मिळतो. तिच्या पहिल्या रूपात ऑपरेशननंतर फिरण्याचं प्रमाण ॲक्रिसॉफपेक्षा जास्त नोंदलं गेलं होतं. टेक्निस टोरिक टू मध्ये कंपनीने लेन्सला पिशवीत टेकवणाऱ्या पायांचा पृष्ठभाग खरखरीत केला, आणि ही दुरुस्ती खरोखर उपयोगी आहे. म्हणून टेक्निस सुचवली असेल तर ‘टू’ आहे ना, हे बघून घ्या. जुना साठा कुठे तरी पडलेला असू शकतो.

बॉश अँड लॉम्बची एनव्हिस्टा टोरिक (२०१८) मध्यापासून कडेपर्यंत सारख्या गुणाची असते. लेन्स थोडी बाजूला सरकली तरी प्रतिमा कमी बिघडते. चष्मा घालवण्यासाठी पूर्वी दूरदृष्टीचं (अधिक नंबराचं) लेसर करून घेतलेले किंवा ज्यांची बाहुली मधोमध नाही, अशांसाठी आमची पसंती हिला. झाइसची एटी टॉर्बी दिसायला पाटीसारखी, दोन्ही पृष्ठभागांवर टोरिक, आणि तिच्यात सिलिंडर १२ डायॉप्टरपर्यंत मिळतो. बाकीच्या घराण्यांत सहसा सहाच्या आसपास गाडी थांबते. प्रचंड सिलिंडरला हीच. पण तिचं मूळ मटेरियल हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी शोषणारं आहे. पुढे कॉर्नियाच्या आतल्या थराचं प्रत्यारोपण होऊन डोळ्यात हवा किंवा गॅस सोडावा लागण्याची शक्यता असेल तर अशा मटेरियलवर कॅल्शियम साचण्याचा धोका असतो, आणि साचलेला कॅल्शियम धुऊन निघत नाही. लेन्सच बदलावी लागते.

सगळ्या घराण्यांबद्दल एक सूचना. काही कंपन्या डब्यावर गोल नंबर आणि सिलिंडर वेगवेगळे छापतात, काही स्फेरिकल इक्विव्हॅलंट, म्हणजे गोल नंबर अधिक निम्मा सिलिंडर, छापतात. एका पद्धतीच्या सवयीच्या हाताने दुसऱ्या पद्धतीची लेन्स मागवली तर निम्म्या सिलिंडरएवढी चूक होते. तीनच्या सिलिंडरला दीड डायॉप्टर! नवी कंपनी सुरू केलेल्या ठिकाणी ही चूक सगळ्यात आधी होते.

ऑपरेशनच्या टेबलावर

टोरिक लेन्सवर दोन्ही कडांना बारीक ठिपक्यांची रांग असते. ती लेन्सची कमी ताकदीची रेषा. ती कॉर्नियाच्या जास्त बाकाच्या रेषेवर आणायची. एक अंश चुकला की सुमारे ३.३ टक्के परिणाम वाया जातो. १० अंशांत तिसरा हिस्सा, ३० अंशांत सगळा. त्यापुढे लेन्स सिलिंडर कमी करण्याऐवजी वाढवते, आणि ९० अंश उलटी बसली तर दुप्पट. (९० अंशांची चूक ऐकायला अशक्य वाटते. पण चष्म्याच्या उणे सिलिंडरचा अक्ष आणि कॉर्नियाच्या जास्त बाकाची रेषा यांत ९० अंशांचा फरक असतो, आणि कागदावर चुकीचा आकडा उतरवला की ती होते.) लेन्स जेवढी जास्त ताकदीची तेवढी चूक महाग. एक डायॉप्टरची लेन्स १० अंश सरकली तर ०.३५ उरतो, चष्म्याशिवाय भागतं. तीनची तेवढीच सरकली तर एक डायॉप्टर उरतो आणि टोरिकचा हेतूच फसतो.

आता खूण कशी होते ते जवळून बघा. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो, सहसा दोन-चार अंश, क्वचित १० च्या पुढे. म्हणून खूण बसवून, मान सरळ, दोन्ही डोळे उघडे आणि नजर समोर दूर ठेवून करायची. कॉर्नियाच्या कडेला ३, ६ आणि ९ वाजता शाईचे ठिपके. कॉर्नियाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे परीघ ३८ च्या आसपास, म्हणजे एक अंश मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. ओल्या पृष्ठभागावर पेनचा ठिपका अर्धा मिलिमीटर पसरला की पाच अंश तिथेच गेले. निष्णात हात ठिपका बारीक आणि कोरडा ठेवतो, अँटिसेप्टिक लावताना तो पुसला गेला का बघतो, आणि नंतर मायक्रोस्कोपखाली अंशांचं कडं टेकवून ठरलेला अक्ष काढतो.

व्हेरिऑन किंवा कॅलिस्टो यांसारख्या यंत्रणा आधी काढलेल्या फोटोतल्या रक्तवाहिन्या ओळखून मायक्रोस्कोपमध्ये अक्षाची रेघ दाखवतात. चांगल्या आहेत, शाईची जाडी आणि डोळ्याचं फिरणं दोन्ही प्रश्न सोडवतात. पण इंजेक्शनने पांढरा भाग सुजला किंवा रक्त पसरलं की त्यांना जुळवणी सापडत नाही. म्हणून यंत्र असलं तरी शाईची खूण करून ठेवणारा सर्जन जास्त भरवशाचा. यंत्र नाही म्हणून कुणाला नाकारू नका. नीट हाताने केलेली खूण पाच अंशांच्या आत बसते.

लेन्स पिशवीत गेल्यावरचा भाग खरा कसबाचा. पिशवीचं पुढचं गोल छिद्र पाच ते साडेपाच मिलिमीटरचं आणि मधोमध हवं, म्हणजे सहा मिलिमीटरच्या लेन्सची कड चहूबाजूंनी झाकली जाते. लेन्स आधी ठरलेल्या अक्षाच्या १०-१५ अंश अलीकडे ठेवायची. या लेन्स घड्याळाच्या दिशेने सहज फिरतात, उलट फिरवायला गेलं तर पाय अडकतात. पुढे गेली की जवळजवळ अर्धी फेरी मारावी लागते. मग लेन्सच्या मागे भरलेलं जेल काढायचं. घाईत नेमकं हेच राहतं. समोरचं जेल दिसतं, मागचं दिसत नाही, आणि ते उरलं की लेन्स तेलावर ठेवलेल्या तबकडीसारखी फिरते. जेल निघाल्यावर शेवटचे अंश पुढे सरकवून ठिपके रेषेवर आणायचे आणि लेन्स हलकेच मागे दाबून पिशवीला टेकवायची. शेवटी डोळा पाण्याने फार ताठ भरायचा नाही, कारण फुगलेल्या पिशवीत लेन्स सैल होते. छेद पाझरतोय का हे तपासायचं, कारण पाझरला की पुढची जागा बसते आणि लेन्स हलते.

फिरली तर

लेन्स फिरायचीच असेल तर बहुतेक पहिल्या काही तासांतच फिरते. लांब डोळ्यांत, म्हणजे मोठ्या उणे नंबरवाल्यांत, पिशवी मोठी असल्याने जास्त. अशा डोळ्यांत काही सर्जन पिशवीत ताण देणारी कडी आधीच घालतात.

दुसऱ्या दिवशी दिसणं गढूळ असलं म्हणून घाबरायचं नाही. कॉर्नियाची सूजही तसं करते. आठवड्याने नंबर तपासायचा आणि सिलिंडर अपेक्षेपेक्षा जास्त आला तर बाहुली मोठी करून ठिपके कुठल्या अंशावर आहेत ते मोजायचं. मग तो नंबर आणि लेन्सची सध्याची जागा बर्डाल-हार्डटेन कॅल्क्युलेटरमध्ये घालायची. लेन्स फिरवल्याने किती फायदा होईल, हे ते सांगतं, आणि नवा योग्य अक्ष बऱ्याचदा आधी ठरवलेला नसतो. याचं कारण सरळ आहे: मूळ मापच थोडं चुकलेलं असू शकतं, आणि आता डोळ्याने स्वतः खरं उत्तर दिलेलं असतं.

स्फेरिकल इक्विव्हॅलंट शून्याजवळ आणि सिलिंडर तेवढा मोठा, तर लेन्स फिरवून काम भागेल. गोल नंबरही चुकलेला असेल तर लेन्स बदलणं किंवा कॉर्नियावर लेसर हेच पर्याय. फिरवायची वेळ ऑपरेशननंतर एक ते तीन आठवडे. त्याआधी पिशवी सैल असल्याने लेन्स पुन्हा फिरू शकते, त्यानंतर पिशवी आवळून लेन्सला चिकटते. या काळात पिशवीच्या मागच्या पडद्याला याग लेसरने भोक पाडू देऊ नका. भोक पडलं की लेन्स फिरवणं किंवा बदलणं अवघड आणि धोक्याचं होऊन बसतं.

कुणी घेऊ नये

पिशवी धरून ठेवणारे दोरे कमकुवत असतील (जुना मार, किंवा स्यूडोएक्सफोलिएशन, म्हणजे डोळ्यात भुकटीसारखा थर साचण्याचा आजार) तर टोरिक नको. लेन्स फिरेल नाही तर कलेल. ऑपरेशनमध्ये पिशवीचा मागचा पडदा फाटला तर टोरिक बेत बाजूला ठेवून साधी लेन्स बसवली जाते, त्यामुळे ती तयार आहे ना हे आधी ठरलेलं असावं. डोळ्यावर वाढलेला पडदा, म्हणजे टेरिजियम, कॉर्नियावर चढला असेल तर तो आधी काढून, बाक स्थिर होईपर्यंत काही महिने थांबून, मग माप.

केराटोकोनसवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो त्यांनी, विशेष जपून. कडक काँटॅक्ट लेन्सवर त्यांची नजर अवलंबून असेल तर टोरिक अंगलट येते. कडक लेन्स कॉर्नियाचा सिलिंडर झाकते, पण आत बसवलेल्या लेन्सचा सिलिंडर उघडा राहतो, आणि मग काँटॅक्ट लेन्सने जे स्वच्छ दिसायचं तेही जातं. आजार बरीच वर्षं थांबलेला, मधला भाग बऱ्यापैकी नियमित आणि नजर चष्म्यावर चालणारी, एवढं सगळं जुळलं तरच विचार करावा. पुढे कॉर्निया बदलावा लागण्याची चिन्हं असतील तर अजिबात नको, कारण नव्या कॉर्नियाबरोबर बाकही नवा येतो आणि आतली टोरिक लेन्स जुन्या बाकाचं उत्तर देत बसते.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

कॉर्नियाच्या कडेला बाक सैल करणारे छेद पाऊण ते सव्वा डायॉप्टरपर्यंत ठीक. त्यांचा परिणाम माणसागणिक बदलतो आणि काही काळाने थोडा परततो. टोरिकचा सर्वांत कमी नंबरही जास्त होत असेल तेव्हा कामाचे. फेम्टो लेसरने ते छेद सुबक होतात, पण लेसर आहे म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन एकूण जास्त चांगलं होतं असं नाही.

आरएक्ससाइटची प्रकाशाने जुळवता येणारी लेन्स (अमेरिकेत २०१७ ची मान्यता) ही वेगळीच कल्पना. लेन्स बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, खरा नंबर मोजून, अतिनील किरणांनी तिची ताकद बदलतात, दोन डायॉप्टरपर्यंतचा सिलिंडर धरून, आणि शेवटी ती कायमची पक्की करतात. अक्षाचा सगळा घोळच उरत नाही. बदल्यात अनेक फेऱ्या, आणि पक्की होईपर्यंत अतिनील रोखणारा चष्मा घरातसुद्धा. बाहुली नीट मोठी होत नसेल तर बाद. पूर्वी लेसर झालेल्या, मापावर भरवसा नसलेल्या डोळ्यांसाठी मात्र हिला तोड नाही.

मधोमध बारीक छिद्र असलेली आयसी-८ ॲप्थेरा (२०२२) दीड डायॉप्टरपर्यंतचा सिलिंडर न सुधारताच खपवून नेते. कमी उजेडात थोडं अंधारं वाटतं.

टोरिकसोबत मल्टिफोकल किंवा वाढीव फोकसची लेन्सही मिळते. पॅनऑप्टिक्स, व्हिव्हिटी, आयहान्स अशा बहुतेकींच्या टोरिक आवृत्त्या आहेत. तिथे अर्धा डायॉप्टर उरलेला सिलिंडरही मल्टिफोकलची मजा घालवतो, म्हणून मोजमाप डळमळीत असेल तर हा सौदा करू नका. नुसती टोरिक ही दूरचं साफ करणारी लेन्स आहे. वाचायला चष्मा लागणारच. आयुष्यभर चष्मा काढून वाचणाऱ्या उणे नंबरवाल्याला हे आधी स्पष्ट सांगितलं नाही, तर कागदावर शंभर टक्के यशस्वी ऑपरेशनही त्याला फसवणूक वाटते. त्याला हवं असेल तर दोनेक डायॉप्टर उणे ठेवूनही टोरिक बसवता येते. जवळचं चष्म्याविना आणि दूरचा चष्मा बिनसिलिंडरचा, हलका.

ऑपरेशननंतर हातात येणाऱ्या कार्डावर लेन्सचं नाव, ताकद, सिलिंडर आणि अनुक्रमांक यांचा स्टिकर असतो. लेन्स कुठल्या अंशावर बसवली ते त्याच्यावर नसतं, कारण ते कारखान्यात नाही, टेबलावर ठरतं. तो आकडा ऑपरेशनच्या नोंदीतून त्याच कार्डावर पेनाने लिहून घ्या, कोणता डोळा आणि किती अंश. लेन्स फिरली का हा प्रश्न पुढे कधीही निघाला, तर तुलना त्या एका आकड्याशीच करायची असते.